हाय-फाय रॅक लावताना: कोणतं युनिट कुठे आणि पॉवर सप्लाय किती लांब

नवा रॅक आला की आधी पाहिलं जातं ते दिसणं. एकसारख्या चेहऱ्याचे दोन बॉक्स एकाखाली एक, सर्वांत देखणा वरच्या शेल्फवर, आणि प्रीअ‍ॅम्पचा वेगळ्या बॉक्समधला पॉवर सप्लाय थेट प्रीअ‍ॅम्पच्या पोटाखाली. (प्रीअ‍ॅम्प म्हणजे सीडी, टर्नटेबल अशा सोर्समधून एक निवडणारं आणि आवाज ठरवणारं युनिट.) मग फोनो, म्हणजे टर्नटेबलचं इनपुट निवडून व्हॉल्यूम वर नेला की स्पीकरमधून हम (सततची खोल गुणगुण) येतो आणि तो घालवण्यासाठी एकामागून एक केबल बदलल्या जातात. बऱ्याचदा हा हम ट्रान्सफॉर्मरभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातून आलेला असतो, आणि त्यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे अंतर. म्हणून इथे आधी अंतर ठरवलं आहे. वजन, हवा आणि केबल त्यानंतर येतात. पायऱ्या याच क्रमाने घ्या, नाहीतर अर्ध्यावर सगळं उतरवून पुन्हा लावावं लागतं.

## तयारी: रॅक रिकामा असतानाच

हाताशी एवढं ठेवा: मेझर टेप, लांब पाणसळ आणि टर्नटेबलच्या प्लॅटरवर (फिरत्या तबकडीवर) ठेवता येईल अशी एक छोटी, टॉर्च, रॅकच्या नटांना बसणारे दोन पाने, वेल्क्रोच्या पट्ट्या, लेबलसाठी कागदी चिकटपट्टी. पंधरा किलोच्या वरचं काहीही उचलायचं असेल तर दुसरा माणूस लागतोच. जड अ‍ॅम्प एकट्याने खालच्या शेल्फात सरकवताना मागची कड शेल्फच्या धारेवर आपटते आणि इनपुटचे सॉकेट वाकतात.

आता एका कागदावर प्रत्येक युनिटची उंची, रुंदी, खोली, वजन आणि मागच्या पट्टीवर लिहिलेले वॅट लिहा. पूर्ण आकाराचं युनिट साधारण ४३ सेंमी रुंद असतं, त्यामुळे रुंदी क्वचितच नडते. नडते ती खोली. प्लग आणि केबलच्या वळणासाठी मागे ८ ते १० सेंमी धरावेच लागतात. ३८ सेंमी खोल अ‍ॅम्पला प्रत्यक्षात ४८ सेंमी जागा लागते, आणि रॅक भिंतीला चिकटवला असेल तर ती मिळत नाही.

याच कागदावर प्रत्येक युनिटला दोन गुण द्या, ० ते ३. पहिला गुण ते किती त्रास देतं याचा, दुसरा त्याला किती त्रास होतो याचा.

त्रास देण्यात ३ गुण स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्प आणि मोठ्या बाहेरच्या पॉवर सप्लायला. २ गुण प्री आणि पॉवर एकाच बॉक्समध्ये असलेल्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्पला. १ गुण प्रीअ‍ॅम्प, डॅक (डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉग करणारं युनिट), सीडी प्लेअर अशा लहान ट्रान्सफॉर्मरच्या युनिटला. टर्नटेबलच्या मोटरलाही १ द्या.

त्रास होण्यात ३ गुण कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीची) केबल आणि कार्ट्रिजचा सिग्नल वाढवणाऱ्या फोनो स्टेजला. आकडे पाहिले की कारण कळतं. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमधून ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट निघतात, मूव्हिंग मॅग्नेटमधून ३ ते ५ मिलिव्होल्ट, आणि सीडी प्लेअरमधून सुमारे २ व्होल्ट. म्हणजे मूव्हिंग कॉइलचा सिग्नल सीडीच्या चार ते दहा हजार पट लहान. फोनो स्टेज त्याला सुमारे ६० डीबीने, म्हणजे हजार पटीने वाढवतो, आणि त्यात शिरलेला हमही तेवढाच वाढतो. प्रीअ‍ॅम्पला २ गुण, बाकी सोर्सना १, पॉवर सप्लायला शून्य.

ट्रान्सफॉर्मर बॉक्सच्या कोणत्या बाजूला आहे ते शोधा. जाळीतून टॉर्च मारून दिसतो. दिसला नाही तर युनिट टेबलावर ठेवून पुढचा डावा कोपरा दोन बोटांनी किंचित उचला, मग उजवा. जो कोपरा जड, त्या बाजूला ट्रान्सफॉर्मर. ती बाजू कागदावर बाणाने दाखवा. ही खूण पुढे कामाला येणार आहे.

## १. कागदावर जागा ठरवा

नियम एकच: ज्याला पहिल्या रकान्यात ३ आणि ज्याला दुसऱ्या रकान्यात ३, ते एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब. मोठ्या ट्रान्सफॉर्मरपासून फोनो स्टेज आणि कार्ट्रिज किमान ५० सेंमीवर असावं, शक्य असेल तर एक मीटरवर.

अंतराचा फायदा झपाट्याने वाढतो. थोडं दूर गेल्यावर अंतर दुप्पट केलं की ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. उलट मध्ये लाकडी फळी, काच किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असण्याने काही अडत नाही. ५० हर्ट्झचं क्षेत्र त्यातून सरळ आरपार जातं. ‘मध्ये शेल्फ आहे ना’ हा दिलासा खोटा आहे.

एकच रॅक असेल तर, पाच शेल्फचा रॅक धरून वरून खाली: टर्नटेबल, फोनो स्टेज, प्रीअ‍ॅम्प, डॅक किंवा सीडी, आणि तळाला पॉवर अ‍ॅम्प व पॉवर सप्लाय. तळाच्या शेल्फवर दोन्ही मावत नसतील तर सप्लाय रॅकच्या बाहेर, शेजारी जमिनीवर, एखाद्या जाड फळीवर ठेवा. दिसायला कमी नीटनेटकं, ऐकायला चांगलं. फोनो स्टेजमध्ये स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर बाणाची खूण वापरा: टोनआर्म बहुतेक टर्नटेबलवर उजवीकडे असतो, म्हणून खालच्या युनिटचा ट्रान्सफॉर्मर डावीकडे यायला हवा. उजवीकडेच येत असेल तर त्या युनिटला एक शेल्फ खाली घ्या.

दोन रॅक असतील तर एकात फक्त सिग्नलची युनिट, दुसऱ्यात पॉवर सप्लाय आणि पॉवर अ‍ॅम्प. बाहेरच्या सप्लायच्या सिस्टिमसाठी याहून चांगली मांडणी नाही, आणि जागा असेल तर इतर कशावरही खर्च करण्याआधी हेच करा. दुसऱ्या रॅकमध्येही सर्वांत मोठा सप्लाय तळाला. फोनोचा सप्लाय फोनो स्टेजच्या पातळीवर ठेवायची गरज नाही.

इथे मर्यादा घालते ती सप्लायपासून युनिटपर्यंतची खास केबल, म्हणजे अंबिलिकल. ती बहुधा एक ते दीड मीटरची असते आणि वाढवता येत नाही. सरळ रेषेत मोजू नका, वाटेने मोजा. प्रीअ‍ॅम्प जमिनीपासून ७५ सेंमीवर, सप्लाय शेजारच्या रॅकच्या १५ सेंमी उंचीच्या तळाशी, आणि दोन्हींचे सॉकेट ५० सेंमी आडवे दूर असले, तर खाली ६०, आडवे ५० आणि दोन टोकांच्या वळणांना १० + १०, एकूण १३० सेंमी. एक मीटरची केबल इथे पुरणार नाही, आणि ताणून लावली तर वजन कनेक्टरच्या पिनांवर येतं.

काही सप्लायच्या बॉक्समध्ये नुसता ट्रान्सफॉर्मर असतो आणि अंबिलिकलमधून एसी जातो. डीसी मुख्य युनिटच्या आत तयार होतो. सप्लायच्या आउटपुटवर एसी किंवा ‘~’ ही खूण असेल तर ती केबल मेन्सच्या (घरातल्या विजेच्या) केबलसारखीच समजा आणि सिग्नलपासून दूर न्या.

> तपासा: कागदावर शेल्फनिहाय वजनाची बेरीज करा. प्रत्येक शेल्फवर सांगितलेली मर्यादा पाळली जाते का? काचेच्या शेल्फसाठी मर्यादेच्या अगदी काठावर जाऊ नका.

## २. रॅकची जागा आणि पातळी

खोलीचा कोपरा टाळा. बासचा दाब कोपऱ्यात सर्वांत जास्त असतो आणि तो टर्नटेबलमध्ये शिरून फीडबॅक देतो. दोन स्पीकरच्या मधोमध ठेवलात तर रॅक स्पीकरच्या पुढच्या पातळीच्या मागे राहील असं पाहा. बाजूच्या भिंतीला ठेवणं टर्नटेबलसाठी बऱ्याचदा जास्त सोयीचं, फक्त स्पीकर केबल लांब लागते. दोन्ही स्पीकरच्या केबल सारख्या लांबीच्या ठेवा.

मागची भिंत आणि रॅक यांत १० ते १५ सेंमी मोकळे ठेवा, हात आत जाईल एवढे.

रॅकचे सगळे जोड आधी सैल बसवा, रॅक सपाट उभा करा आणि मग आवळा. एकेक पाय आवळत गेलात तर चौकट पिळवटते आणि चारांपैकी एक स्पाइक (टोकदार पाय) अधांतरी राहतो. पातळी वरच्या शेल्फवर दोन काटकोनी दिशांनी पाहा. स्पाइक फिरवून जुळवा आणि त्यावरचा लॉकनट घट्ट करा. लॉकनट सैल राहिलेला स्पाइक नसल्यासारखाच.

> सावधान: स्पाइकवर उभा असलेला भरलेला रॅक ढकलू नका. टोक फरशीत घुसतं किंवा पाय वाकतो. कठीण फरशीवर स्पाइकखाली कप आधीच ठेवा.

## ३. तळापासून वर

सगळी युनिट आणि सप्लाय मेन्सपासून पूर्ण सुटे असताना काम करा. जुनी सिस्टिम उतरवत असाल तर बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. सप्लायचे मोठे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत.

सर्वांत जड ते तळाला आणि सर्वांत आधी. त्याने रॅकचा गुरुत्वमध्य खाली राहतो आणि वर काही ठेवताना चौकट हलत नाही. टर्नटेबल शेवटी. सप्लायचे पाय त्याचेच ठेवा आणि तो रॅकच्या पोलादी दांडीला टेकणार नाही असं पाहा. काही ट्रान्सफॉर्मर किंचित गुणगुणतात आणि पातळ पोलादी शेल्फ ती गुणगुण ऐकू येण्याइतकी वाढवतो. तिथे लाकडी फळी जास्त शांत.

दोन युनिट एकावर एक रचू नका. शेल्फ कमी पडत असेल तर ज्या दोघांना दोन्ही रकान्यांत कमी गुण आहेत त्यांनाच, आणि उष्णता कमी असेल तरच.

## ४. हवा

झाकणाच्या वर क्लास एबी अ‍ॅम्पसाठी ८ ते १० सेंमी, क्लास ए साठी १५ सेंमी आणि व्हॉल्व्हच्या युनिटवर शेल्फ किंवा दुसरं काहीच नको. बाजूंना ५ सेंमी. तळाच्या शेल्फवरची गरम हवा वर जाते, म्हणून पॉवर अ‍ॅम्पच्या थेट वर जाळी असलेलं दुसरं गरम युनिट आलं तर त्या दोघांमध्ये एक शेल्फ रिकामा सोडा. युनिटची कागदपत्रं याहून जास्त जागा सांगत असतील तर ती माना.

> तपासा: दोन तास वाजवल्यावर प्रत्येक झाकणावर तळवा ठेवा. पाच सेकंद ठेवता येत नसेल तर हवा कमी पडते आहे. क्लास ए चे हीटसिंक मात्र मुळातच गरम चालतात.

## ५. मेन्सची वाट

आधी बेरीज. सगळ्या युनिटचे वॅट मिळवा आणि एक्स्टेन्शन बोर्डाची क्षमता व्होल्ट गुणिले अँपिअर अशी काढा: २३० व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट. बेरीज त्याच्या बरीच खाली हवी.

सगळी युनिट एकाच भिंतीवरच्या सॉकेटमधून, एकाच चांगल्या बोर्डावर. वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटमधून अर्थ (अर्थिंग) घेतला की ग्राउंड लूपला, म्हणजे अर्थच्या वायरींतून तयार होणाऱ्या आणि हम देणाऱ्या वेढ्याला, आयतं निमंत्रण मिळतं. बोर्डातून बोर्ड काढू नका.

बोर्डावर क्रमही पाहा: पॉवर अ‍ॅम्प आणि मोठे सप्लाय भिंतीच्या टोकाला, मग सिग्नलची युनिट, आणि राउटर, स्ट्रीमरचे लहान अ‍ॅडॅप्टर सर्वांत दूरच्या टोकाला. या स्विच मोड अ‍ॅडॅप्टरांचा त्रास वेगळ्या जातीचा असतो. त्यांचं ५० हर्ट्झचं क्षेत्र नगण्य, पण उच्च वारंवारतेचा गोंगाट त्यांच्या वायरवरून प्रवास करतो. म्हणून त्यांच्या वायर टोनआर्मच्या केबलजवळून नेऊ नका.

बोर्ड रॅकच्या मागे एका बाजूला, जमिनीपासून किंचित वर. मेन्सच्या सगळ्या वायर रॅकच्या त्याच पायाजवळून खाली आणा. जास्तीची वायर घट्ट गुंडाळून ठेवू नका, सैल वळसा द्या.

> सावधान: हम जातो म्हणून प्लगची अर्थ पिन काढू नका किंवा टेपने झाकू नका. आत बिघाड झाला तर बॉक्सच्या धातूच्या बाजूत वीज उतरते. दुहेरी चौकोनाची खूण असलेली युनिट मुळातच अर्थशिवाय बनवलेली असतात. ती तशीच वापरायची.

## ६. सिग्नल केबल आणि अंबिलिकल

मेन्स ज्या पायाजवळून आणली त्याच्या विरुद्ध बाजूच्या पायाजवळून सिग्नल. दोन्हींत किमान १० सेंमी, आणि ओलांडणं टळतच नसेल तर काटकोनात. सगळ्या केबल एकत्र करून पट्ट्यांनी आवळलेला सुबक जुडगा ही या कामातली सर्वांत दिखाऊ चूक आहे.

टोनआर्मची केबल सर्वांत लहान. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठी तिची कपॅसिटन्सही मोजावी लागते. साधारण मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास भर पडते आणि अनेक कार्ट्रिजना एकूण १०० ते २०० च चालतात. प्रीअ‍ॅम्प ते पॉवर अ‍ॅम्प आरसीए केबल दीड-दोन मीटरपर्यंत निर्धास्त. त्याहून लांब न्यायचं असेल आणि दोन्हींवर एक्सएलआर (तीन पिनांचं सॉकेट) असेल तर बॅलन्स्ड वापरा.

टर्नटेबलची बारीक अर्थ वायर फोनो स्टेजच्याच ग्राउंड स्क्रूला. प्रीअ‍ॅम्पच्या किंवा रॅकच्या चौकटीला नको.

अंबिलिकल मोकळी लोंबू द्या, कनेक्टरची कडी पूर्ण फिरवून घट्ट करा, आणि टोकाशी वळण मोठं ठेवा. शेवटी स्पीकर केबल. उघडी तार असेल तर तिचा एकही बारीक धागा शेजारच्या टर्मिनलला लागत नाही हे टॉर्चने पाहा.

> सावधान: सप्लाय चालू असताना अंबिलिकल काढू किंवा लावू नका. पिना एकाच क्षणी सुटत नाहीत, आणि अर्धा पुरवठा तुटलेलं सर्किट स्पीकरकडे डीसी ढकलू शकतं.

> तपासा: प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावलं का? रॅकच्या मागचा एक फोटो आत्ताच काढून ठेवा.

## ७. पहिल्यांदा चालू करताना

व्हॉल्यूम शून्यावर. आधी बाहेरचे सप्लाय आणि सोर्स, मग प्रीअ‍ॅम्प, अर्धा-एक मिनिट थांबून पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना बरोबर उलट. सगळं बोर्डाच्या एका बटणाने लावलं तर मोठ्या टोरॉइडांचा (कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरांचा) पहिला झटका एकत्र येतो आणि एमसीबी पडू शकतो. तो दोष युनिटचा नाही.

## ८. हम कुठून येतो ते शोधा

मांडणी बरोबर झाली की नाही हे इथेच ठरतं, म्हणून याला वेळ द्या. रात्रीची शांतता बरी.

आधी स्पीकर की बॉक्स? व्हॉल्यूम शून्यावर ठेवून प्रत्येक युनिटजवळ कान न्या. आवाज बॉक्समधूनच येत असेल तर ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरतो आहे. मेन्समध्ये मिसळलेला थोडासा डीसी हे टोरॉइडच्या बाबतीत नेहमीचं कारण. त्यावर शेल्फ किंवा पाय बदलून पाहा. झाकण उघडून टोरॉइडचा मधला बोल्ट आवळायला जाऊ नका. त्याची दोन्ही टोकं धातूने जोडली गेली तर ट्रान्सफॉर्मरभोवती शॉर्ट झालेला वेढा तयार होतो आणि तो जळतो.

स्पीकरमधून असेल तर व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. शून्यावरही तेवढाच राहणारा हम व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात, म्हणजे बहुधा पॉवर अ‍ॅम्प किंवा त्याच्या केबलमध्ये. व्हॉल्यूमबरोबर वाढणारा त्याच्या आधी. फक्त फोनोवर असेल तर कार्ट्रिज ते फोनो स्टेज एवढाच भाग उरतो.

फोनोवरचा हम: सुईवर गार्ड लावा, टर्नटेबल बंद ठेवा, व्हॉल्यूम नेहमीच्या ऐकण्याच्या पातळीवर. आता आर्म न टेकवता हाताने प्लॅटरच्या कडेपासून मध्यापर्यंत सावकाश न्या. जागेनुसार हम कमी-जास्त होत असेल तर कार्ट्रिज एखाद्या क्षेत्रातून जात आहे. मोटर चालू केल्यावरच वाढत असेल तर मोटर. आधीपासून असेल तर खालचा किंवा शेजारचा ट्रान्सफॉर्मर. शील्ड नसलेल्या कार्ट्रिजमध्ये हे फार ठळक ऐकू येतं.

संशयित युनिट सिग्नलच्या साखळीत नसेल, जसा सीडीचा सप्लाय, तर ते नुसतं बंद करून पाहा. साखळीतलं असेल तर अंबिलिकल पोचेल तिथवर सप्लाय दहा-दहा सेंमी सरकवा, मग जागच्या जागी चतकोर फिरवा. टोरॉइडचं बाहेर येणारं क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे नुसत्या फिरवण्यानेही हम बराच उतरू शकतो. सर्वांत शांत जागा सापडली की शेल्फवर पेन्सिलने खूण करा.

काहीही हलवून फरक पडत नसेल तर क्षेत्राचा नाद सोडा, तो बहुधा ग्राउंड लूप आहे. त्याचा आवाजही वेगळा असू शकतो: मऊ, खोल हमऐवजी किंचित कर्कश गुरगुर. पॉवर अ‍ॅम्प बंद करून एक सोर्स केबल काढा, पुन्हा चालू करून ऐका, आणि असं एकेक करत जा. टीव्ही जोडलेला असेल तर सर्वांत आधी त्याची अँटेना किंवा केबल. पूर्ण शांतता आणणारी केबल सापडली की दोष त्या युनिटच्या अर्थमध्ये किंवा मेन्स जोडणीत शोधायचा.

## ९. एका आठवड्यानंतर

वजनाने रॅकचे जोड बसतात आणि लाकडी जमीन किंचित दबते. पाणसळ यावेळी शेल्फवर न ठेवता प्लॅटरवर ठेवा, दोन दिशांनी, आणि स्पाइक फिरवण्याआधी टर्नटेबलचं वजन काढून घ्या. सगळे नट आणि लॉकनट पुन्हा आवळा, पण शेल्फ काचेचे असतील तर त्यांच्या पकडीचे स्क्रू हातानेच.

नवं युनिट आलं की मोकळ्या शेल्फवर ठेवून देऊ नका. तयारीतला कागद काढा, त्याचे दोन गुण लिहा, ट्रान्सफॉर्मरची बाजू पाहा आणि पहिल्या पायरीपासून जागा ठरवा. एक सप्लाय वाढला तर बहुतेक वेळा दोन युनिट हलवावी लागतात.